उजव्या पायातला पिवळा बूट

लाल घार धरणाच्या भिंतीवर उतरली, कॅमेरा तिच्या पायांपाशी आला आणि थिएटरातल्या पोरींनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. घारीच्या उजव्या पायात लाल बूट होता. डाव्या पायात पिवळा.

ब्रोन्या डुडाच्या मांडीवरचा मक्याच्या लाह्यांचा डबा कलंडला. अर्ध्या लाह्या खाली सांडल्या. तिनं उचलायचा प्रयत्नही केला नाही, आणि ब्रोन्या ही अन्न वाया गेलं तर दोन दिवस धुसफुसणारी बाई.

"काय झालं, मिसेस डुडा? बरं वाटतंय ना?" शेजारच्या खुर्चीतून मारिसोलनं विचारलं.

"तो बूट. तो पिवळा का केलाय त्यांनी?"

"अहो, तीच तर गंमत! घारीच्या कॉमिक्सच्या जुन्या अंकांत अधूनमधून एखाद्या चौकटीत तो चुकून पिवळा छापला जायचा. वाचकांचा त्या चुकीवर इतका जीव जडला की सिनेमावाल्यांनी पोशाखातच घेतला. बघा ना, अर्ध्या पोरी तसेच घालून आल्यात."

"चुकून," ब्रोन्या म्हणाली आणि पुढचा दीड तास गप्प बसली. पडद्यावर काय उडालं, काय फुटलं, कोण मेलं, यातलं तिला काही विचाराल तर सांगता यायचं नाही.

मारिसोल किन्योनेसचं मेन स्ट्रीटवर कॉमिक्सचं दुकान होतं. पन्नाशीची, बोलघेवडी, जुन्या अंकांच्या मागे वेडी झालेली बाई. वसंतात चर्चच्या तळघरात पिएरोगींची, म्हणजे पोलिश करंज्यांची, विक्री होती, तिथे रांगेत उभी असताना तिला कळलं, की पलीकडे कणीक मळणारी ही ब्यायशी वर्षांची म्हातारी एके काळी लाल घारीची पानं रंगवायची. झालं. तेव्हापासून ती ब्रोन्याच्या मागे हात धुऊन लागली होती. आज तिकीटही तिनंच काढलं होतं. "तुमच्या घारीचा सिनेमा आणि तुम्ही घरी बसणार? शोभतं का?" असं म्हणून गाडीत घालून आणलं होतं.

ब्रोन्यानं तिला कामाबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. बुटाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि तो बिचारा जाऊन आता चौदा वर्षं झाली होती.

ते काम तसं विचित्रच. घारीची चित्रं काढणारे पुरुष न्यूयॉर्कला बसत, टाय लावून. रंगवणाऱ्या मात्र इथल्या बाया, नदीकाठच्या गावांतल्या, पोलिश, इटालियन, आयरिश, कुणी विधवा, कुणी चार पोरांच्या आया. एका जुन्या गोदामात लांबच लांब टेबलं मांडलेली असत. प्रत्येक पानाचे पारदर्शक कागद यायचे, पिवळ्यासाठी वेगळा, तांबड्यासाठी वेगळा, निळ्यासाठी वेगळा. जिथे तो रंग हवा तिथे ब्रशनं भरायचं. पण भरायचं ते तपकिरी रंगानंच! सगळ्या कागदांवर एकच चिखलासारखा तपकिरी. खरा रंग उमटायचा तो छापखान्यात. अकरा वर्षं ब्रोन्यानं अमेरिकेतल्या पोरांसाठी आकाशं निळी केली आणि केस सोनेरी केले, पण त्या टेबलावर निळा नाही की सोनेरी नाही, काही दिसलं नाही तिला.

आणि लाल म्हणजे काय, तर पिवळ्यावर छापखान्याचा गुलाबीसर तांबडा. दोन्ही कागदांवर बूट भरला की लाल बूट. तांबड्याच्या कागदावर तेवढी जागा मोकळी सोडली, की बूट पिवळाच राहतो. म्हणजे काही करायलाच नको. एक गोष्ट न करता सोडायची, बस्स.

ती जागा ब्रोन्या मोकळी सोडायची. दर अंकात नाही, दोन-तीन अंकांआड, एकाच चौकटीत, मागच्या कोपऱ्यातल्या लहानशा चित्रात. कुणासाठी, तर हाल्कासाठी.

हाल्का तिची धाकटी बहीण. पंचावन्न साली ऑगस्टात नदी उलटली तेव्हा हाल्का अकरा वर्षांची होती आणि ब्रोन्या अठराची. शेजारच्या गावात रबरी बुटांचा कारखाना होता. तिथले पिवळे धमक नवे बूट हाल्काला वाढदिवसाला मिळाले होते, आणि उन्हाळा असूनही ती ते पायातून काढायला तयार नव्हती. पहाटे पाणी जिन्यावर चढलं. ब्रोन्यानं बहिणीला काखोटीला मारून माळ्यावर ओढलं. ओढता ओढता एक बूट निसटला आणि पाण्यात गेला. पाठोपाठ खालचं स्वयंपाकघरही गेलं, शेजारचं घरही गेलं, पण हाल्का रडली ती बुटासाठी.

त्या शरदात पैसे कुठून असायचे? हाल्का शाळेत गेली ती एका पायात पिवळा आणि दुसऱ्यात ब्रोन्याचा जुना लाल बूट घालून. पोरं हसली. ती रडत घरी आली. ब्रोन्या तेव्हा गाळ उपसत होती. हातातलं फावडं न ठेवताच म्हणाली, "अगं वेडे, हसू दे त्यांना. दोन रंगांचे बूट कोण घालतं माहितेय? पूर थांबवणारी बाई. लाल पाय पाण्यात रोवते आणि पिवळ्या पायानं पाण्याला लाथ मारते."

"मग आपल्याकडे का नाही आली ती?" हाल्कानं विचारलं.

"आली होती की. तुला माळ्यावर कोणी ओढलं?"

त्या दिवसापासून ती बाई त्यांच्या घरात राहायला आली म्हणा ना. हाल्का तिची चित्रं काढू लागली. बहिणीच्या चेहऱ्याची, दोन रंगांच्या बुटांची, दंड थोपटून उभी असलेली बाई. वह्यांच्या वह्या भरल्या. शाळा संपली, हाल्का पितळेच्या कारखान्यात लागली, तरी वह्या भरणं चालूच. एकोणिसाव्या वर्षी ती म्हणाली, मी न्यूयॉर्कला जाणार, चित्रं काढणारी होणार. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, ब्रोन्या दोन पाळ्या करत होती, आणि हाल्का कारखान्याला दांडी मारून खिडकीत बसून पूर थांबवणारी बाई काढत होती. ब्रोन्याच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं साती वह्या उचलल्या आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीत घातल्या.

हाल्का ओरडली नाही. वह्या पूर्ण जळेपर्यंत उभी राहिली. मग कोट घातला आणि गेली. ब्रोन्या दारातून म्हणाली, "आता गेलीस तर परत येऊ नकोस." असलं वाक्य माणूस बोलतो तेव्हा समोरच्यानं ते खरं धरू नये असंच त्याला वाटत असतं. हाल्कानं खरं धरलं. पत्र नाही, फोन नाही, आई गेली तेव्हाही नाही.

पुढच्या वर्षी रंगाच्या गोदामात बाया हव्यात असं कळलं आणि ब्रोन्या गेली. आठवड्याभरात तिच्या टेबलावर घारीची पानं आली. एकटी उडणारी, लाल बूट घातलेली बाई. कुणा टायवाल्यानं काढलेली, पण उभी राहायची ती दंड थोपटूनच. ब्रोन्याला वाटलं, हाल्का कुठेही असली तरी हे बघितल्याशिवाय राहायची नाही. शब्दांनी माफी मागायला तिला पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर शब्दही नव्हते. म्हणून तिनं बुटाची जागा मोकळी सोडली.

आणि मग वाट पाहिली. वर्षं लोटली, कुणी आलं नाही. शेवटी एका सकाळी साहेब, मिस्टर फॅरेल, तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले. "बूट, मिसेस डुडा. न्यूयॉर्कहून बोलणी खाल्लीयत मी. आता माझ्यासमोर भरा." तिनं त्यांच्यासमोर भरला. कडेपर्यंत, नीट. पुन्हा कधी सोडला नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं म्हणजे तिची आशाच संपली होती.

विगिल्याचं ताट मात्र तिनं कधी चुकवलं नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जास्तीचं ताट मांडायचं, ही त्यांच्यातली रीत. सगळ्यांच्या घरी ते ताट कुणासाठीही असतं. ब्रोन्याच्या घरी ते एकाच माणसासाठी असायचं, आणि बिटाचं सूप ती त्यात गुपचूप वाढूनही ठेवायची.

सिनेमा सुटल्यावर मारिसोल तिला दुकानात घेऊन आली. खिडकीत लाल घारीची पुठ्ठ्याची माणसाएवढी प्रतिमा उभी केली होती, डावा बूट पिवळा. मारिसोलनं कॉफी ओतली, दोन डोनट पुढे ठेवले.

"आवडला नाही ना सिनेमा? मला वाटलंच. तुम्ही तर बुटापासूनच गप्प झालात. त्या याकिमाच्या बाईसारखंच झालं तुमचं, तीही बुटावरून अशीच भडकायची."

"कुठली बाई?"

"वॉशिंग्टन राज्यातली. तिची पत्रं प्रसिद्ध आहेत हो! वाचकांच्या पत्रांच्या पानात यायची. डावा नाही, उजवा, म्हणून संपादकाशी भांडायची. सगळे हसतात अजून."

"पत्रांचं पान? ते कुठे असायचं?"

मारिसोल हातातली किटली घेऊन तशीच उभी राहिली. "कुठे म्हणजे? प्रत्येक अंकात! शेवटून दुसरं पान. तुम्ही अकरा वर्षं तिथे होतात आणि पत्रांचं पान ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. कसं असणार? पत्रांचं पान म्हणजे नुसता काळा मजकूर. त्याला रंग नाही, म्हणून ते गोदामात कधी आलंच नाही, परस्पर छापखान्यात जायचं. आणि छापलेला अंक त्या बायांपैकी कोण विकत घेणार? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसंच. प्रत्येक पान महिनाभर आधी डोळे फुटेस्तोवर पाहिलेलं, वर त्याला बारा सेंट कोण देईल? घारीचा एकही अंक ब्रोन्यानं कधी उलटून पाहिला नव्हता.

"दाखव," ती म्हणाली.

मारिसोलनं मागच्या खोलीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतले दोन अंक आणले आणि पहिला अलगद उघडला. ब्रोन्यानं चष्मा पुसला. पत्राखाली छापलं होतं: एच. सोबोटा, आणि खाली रस्ता, घर नंबर, याकिमा, वॉशिंग्टन. तेव्हा पूर्ण पत्ते छापायचे.

सोबोटा हे ब्रोन्याचं माहेरचं नाव.

"संपादक महाशय," पत्रात होतं, "नवव्या पानावर सहाव्या चौकटीत घारीचा डावा बूट पिवळा आहे. पिवळा बूट उजव्या पायात असतो. जिनं कुणी हे रंगवलं तिला सांगा, की डावं-उजवं तुला पहिल्यापासून कळत नाही. बाकी तिचं काम चांगलं आहे. कडा सुबक आहेत. हे तिला मुद्दाम सांगा." खाली संपादकानं लिहिलं होतं, "बाईसाहेब, आमच्या घारीचे दोन्ही बूट लालच आहेत! कुणाला तरी डुलकी लागली असावी."

"खोटारडी!" ब्रोन्या एकदम ओरडली. मारिसोल दचकली. "डावाच होता! मी ओढलं तिला, मला माहीत नाही? उजवा वाहून गेला. डावा राहिला."

"मिसेस डुडा, कोण? तुम्ही कुणाबद्दल बोलताय?"

"पुढचं दाखव. दुसरं."

दुसरा अंक आठ महिन्यांनंतरचा होता. "पुन्हा डावा! हट्टीच आहे ती, पहिल्यापासून. पण रंगवते आहे म्हणजे काहीतरी म्हणायचं असणार तिला. तेव्हा माझी अट सांगा. नाताळच्या अंकात पिवळा बूट उजव्या पायात आला, तर मी समजेन की तिनं ऐकलं, आणि बसमध्ये बसून विगिल्याला जेवायला येईन. ताट मांडतच असेल ती. नाही आला, तर मीही समजेन. पुन्हा लिहिणार नाही."

त्याखाली संपादकाची चार ओळींची मखलाशी होती. "याकिमाच्या बाईंनी भलताच तगादा लावल्यामुळे आम्ही रंगवणाऱ्यांचा कान धरला आहे. नाताळच्या अंकापासून दोन्ही बूट लाल! आता तरी खूश ना, बाईसाहेब? नाताळच्या शुभेच्छा."

ब्रोन्यानं ते दोनदा वाचलं. मग अंक मिटला, पिशवीत घातला, आणि पिशवीची चिकटपट्टी बोटानं दाबत बसली.

मिस्टर फॅरेल पाठीशी उभे होते ती सकाळ. नाताळच्या अंकाची पानं. तिनं स्वतःच्या हातानं तो बूट भरला होता, कडेपर्यंत, सुबक. तिकडे याकिमात, सफरचंदांच्या गावात, कुणीतरी बारा सेंट देऊन तो अंक घेतला असेल, उभ्या उभ्या नववं पान उघडलं असेल, मग सगळीच पानं चाळली असतील, आणि सगळीकडे दोन्ही बूट लाल दिसले असतील. दारातून बोललेलं वाक्य ब्रोन्यानं दुसऱ्यांदा बोलून दाखवलं होतं, तेही छापून, साऱ्या देशात.

"ती येणार होती," ब्रोन्या म्हणाली. "मी ताट मांडलं होतं, मारिसोल. त्या वर्षीही मांडलं होतं." आणि ती रडली, तोंड न झाकता, डोनटच्या बशीसमोर, म्हातारी माणसं सहसा रडत नाहीत तशी.

मग तिनं सगळं सांगितलं. पूर, वह्या, शेगडी. सांगून झाल्यावर मारिसोलनं फोनवर याकिमाचा तो पत्ता शोधला. त्या जागी आता गाड्यांच्या टायरचं दुकान होतं. सोबोटा आडनावाचं त्या गावात कुणी सापडेना. लग्न झालं असेल, नाव बदललं असेल, गाव सोडलं असेल.

"किंवा गेली असेल," ब्रोन्या म्हणाली.

"पंचाहत्तरीचीच असणार ना? तुम्ही ब्यायशीच्या असून माझ्यावर ओरडताय."

"आता पत्रांचं पान असतं का गं?"

"आता सगळं फोनवर. मी दुकानाच्या पानावर काहीही टाकलं की घारीवाले देशभरातून येऊन भांडतात. त्यात डावा की उजवा हे तर त्यांचं जुनं भांडण. अजून दोन तट आहेत त्यांच्यात."

ब्रोन्या खिडकीतल्या पुठ्ठ्याच्या बाईकडे बघत राहिली. "ती छोटी खेळणी रंगवायला तू रंग विकतेस ना? आण. पिवळा, तांबडा आणि पांढरा. ब्रश बारीक आण, झाडू नको आणूस."

मारिसोलनं प्रतिमा खिडकीतून काढून जमिनीवर आडवी केली, खाली वर्तमानपत्रं पसरली, ब्रोन्याला बसायला ठेंगणं स्टूल दिलं. ब्रोन्या आधी बसलीच नाही. ती घारीकडे पाठ करून तिच्यासारखी उभी राहिली आणि स्वतःच्या उजव्या मांडीवर हात आपटून पाहिला. चित्रातली बाई समोरून बघत असते, तिचा उजवा आपल्या डावीकडे येतो. गोदामातली पहिल्या दिवसाची शिकवण होती ती.

डावा बूट सोपा होता. पिवळ्यावर तांबडा, की लाल. पण या वेळी ब्रशाखाली खरोखरचा लाल उमटला, तपकिरी नाही, आणि ब्रोन्या क्षणभर बघतच राहिली. उजवा जड गेला. लालावर पिवळा बसत नाही. आधी पांढऱ्यानं झाकावं लागतं, एक हात पुरत नाही, दुसरा द्यावा लागतो, आणि तो वाळेपर्यंत थांबावं लागतं. एके काळी हे नुसतं न भरता सोडून दिलं की होत असे. कडेशी आला की ब्रश आपोआप सावकाश चालायचा. हाताची ती सवय मोडली नव्हती.

तासाभरानं बूट झाला. पिवळा धमक, उजव्या पायात. मारिसोलनं प्रतिमा उभी केली, तिच्याशेजारी ब्रोन्याला उभं केलं आणि फोन वर धरला. "हसा थोडं."

"हसायचं काय त्यात? काढ."

तिनं फोटो काढला. "खाली काय लिहू?"

ब्रोन्यानं ब्रश फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला. "लिही, हाल्का, उजवाच होता. तुझं बरोबर. विगिल्याला ताट मांडलेलं असतं. आणि माझा पत्ता घाल, पूर्ण, घर नंबरासकट."

मारिसोल टाइप करता करता थांबली. "पण मिसेस डुडा, खरंच उजवा होता का? मघाशी तर तुम्ही..."

"छे!" ब्रोन्या म्हणाली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा. "डावाच होता. मी पाहिलाय."

"मग मी काय लिहू?"

"मी सांगितलं ते लिही," ब्रोन्या म्हणाली, आणि रंगाच्या बाटल्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावू लागली.